वजाचं चिन्ह

झाशीच्या इलाइट चौराह्यावर सिग्नल लाल होता म्हणून देविकानं स्कूटरवर बसल्या बसल्याच फोन पाहिला. मग सिग्नल हिरवा झाला, मागच्या ऑटोवाल्यानं तीनदा हॉर्न वाजवला, तरी ती हलली नाही. फोटो एका लेबलचा होता. एका ट्रस्टच्या रक्तपेढीतल्या ईशानं ते लेबल अंगठ्यावर चिकटवून, खिडकीच्या उजेडात धरून काढलेला. पेशंटचं नाव, नंबर, वेळ, खाली बारकोड, आणि उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरात रक्तगट: ओ. ओच्या पुढे काही नव्हतं. पांढरी जागा होती, नखाएवढी. खाली ईशानं लिहिलं होतं, 'दीदी, सुबह से माइनस नहीं छप रहा. प्लस ठीक आ रहा है. हम पेन से लिख दे रहे हैं, कोई बात नहीं ना?' तिनं स्कूटर ढकलत रस्त्याच्या कडेला, एका औषधाच्या दुकानासमोर नेली. जानेवारीतली अकराची वेळ होती, धुकं नुकतंच विरलं होतं आणि ऊन असून नसल्यासारखं होतं. तिला आधी भीती वाटली नाही. आधी वाटली ती ओळख. दार वाजावं आणि उघडण्यापूर्वीच बाहेर कोण आहे ते कळावं, तसं. ही चूक कुठून शिरली, कोणत्या फटीतून, आणि ती फट किती दिवस उघडी होती, हे तिला विचार करण्याआधीच ठाऊक होतं. तेवीस दिवस.

सिविल लाइंसमध्ये एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. अकरा माणसं. लहान गावांतल्या रक्तपेढ्यांसाठी ते सॉफ्टवेअर बनवत: कोणाचं रक्त, कोणता गट, कोणत्या फ्रिजमध्ये, कधीपर्यंत चालेल. काम सगळं ओपन सोर्स साधनांवर चाले. फुकट मिळतात म्हणून, असं कंपनीचे मालक रोहितजी सांगत. देविका म्हणे, उघडी असतात म्हणून. झाकण काढून आत काय फिरतंय ते आपल्याला बघता येतं. चार वर्षं खपून तिनं एक रस्ता बांधला होता. ऑफिसात कोणी सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की गिट नावाचं साधन तो जपून ठेवी, कोणी केला, कधी केला, काय म्हणून केला, यांसकट. मग जेनकिन्स हे दुसरं साधन तो बदल उचले आणि त्याच्यावर सहाशे लहान लहान टेस्ट चालवी. एक जरी चुकली तरी रस्ता तिथंच बंद. सगळ्या पास झाल्या की डॉकर हे तिसरं त्या सॉफ्टवेअरची पेटी बांधे आणि ती पेटी सतरा रक्तपेढ्यांत आपोआप जाऊन बसे. मध्ये माणसाचा हात नाही. कोणाची घाई नाही, मर्जी नाही. याचा तिला फार अभिमान होता. एकदा जेवताना तिनं हे सगळं बाबांना, दत्तात्रेयांना, समजावून सांगितलं होतं. त्यांची बत्तीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. ते भात कालवता कालवता थांबले आणि म्हणाले, "मग सही कोणाची?" ती हसली होती. सही कशाला लागते बाबा, मशीन कुठं खोटं बोलतं.

मशीन आजही खोटं बोललं नव्हतं. जेवढं तपासायला सांगितलं तेवढं त्यानं इमानदारीनं तपासलं होतं. सहाशे टेस्टच्या पलीकडे आणखी एक होती, सगळ्यांत शेवटची, जी देविकानं स्वतः बनवली होती आणि जिला ऑफिसात सगळे हसायचे. ऑफिसच्या कोपऱ्यात एक खराखुरा लेबल प्रिंटर ठेवलेला होता, रक्तपेढ्यांत असतो तसाच. प्रत्येक नव्या पेटीतून तो एकेका रक्तगटाचं एकेक लेबल छापायचा, वर टांगलेला कॅमेरा ते वाचायचा, आणि छापलेलं नि छापायचं होतं ते जुळलं तरच पेटी पुढं जायची. डिसेंबरात त्या प्रिंटरचं हेड खराब झालं. अक्षरं पुसट यायला लागली, टेस्ट नापास व्हायला लागली, तीन दिवस एकही पेटी बाहेर पडेना. रोहितजींना एका मोठ्या आरोग्य अधिकाऱ्याला नवीन स्क्रीन दाखवायची होती. देविका त्या दिवशी ग्वाल्हेरला, मावसबहिणीच्या लग्नात होती. मागं बँडवाले, एका कानावर हात, दुसऱ्या कानाला फोन. पलीकडे ऑफिसातले लक्ष्मण होते. ती म्हणाली होती, "लक्ष्मणजी, ती लेबलची टेस्ट बंद करा. दोन दिवस फक्त. नवीन हेड आलं की चालू करू." पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बंद करू, मॅडम?" ती म्हणाली, "हो, मी सांगतेय ना." "ठीक आहे मॅडम. बंद." गिटमध्ये नोंद पडली ती लक्ष्मण यांच्या नावानं: 'लेबल टेस्ट तात्पुरती बंद. वेळ सतरा चाळीस.' कोणाच्या सांगण्यावरून, ते त्यात नव्हतं. नवीन हेड यायला आठ दिवस लागले. आलं तेव्हा देविका दुसऱ्या कामात होती. रोज सकाळी स्क्रीनवर सहाशे हिरव्या ओळी दिसत आणि तळाशी एक करडी, बंद टेस्टची. पहिल्या आठवड्यात ती ओळ टोचायची. मग डोळे तिच्यावरून घसरून जायला शिकले. आणि आता, औषधाच्या दुकानासमोर उभं असताना, तिला हेही आठवलं की ती करडी ओळ उघडून तिनं एकदा पाहिली होती, लक्ष्मणचं नाव वाचलं होतं, आणि तिला बरं वाटलं होतं. अगदी थोडं. पण वाटलं होतं.

लक्ष्मण मूळचे सातारा जिल्ह्यातले. लष्कराच्या सिग्नल्स विभागात बावीस वर्षं काढून झाशीजवळच्या बबिना छावणीतल्या पोस्टिंगवरून निवृत्त झालेले. मुलीची शाळा मोडू नये म्हणून झाशीतच राहिले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी देविकाच्या शेजारी वही घेऊन बसून हे सगळं शिकले. दोन बोटांनी टाईप करत, पण एकही अक्षर चुकत नसे. तिनं त्यांना फोन लावला.

"लक्ष्मणजी, आज सकाळी पेटी किती वाजता गेली?"

"आठ पस्तीस, मॅडम. सगळं हिरवं होतं."

"लेबलवर वजाचं चिन्ह छापत नाहीये."

"फॉन्ट," ते म्हणाले. "काल फॉन्ट बदलला. नवीन फॉन्टमधलं वजाचं चिन्ह त्या प्रिंटरला कळत नसणार."

"मागची पेटी लावा. सतराच्या सतरा ठिकाणी. आत्ता."

"लावतो. तीन मिनिटं लागतील. मग बाकीच्या सोळांना फोन करून सकाळची लेबलं तपासायला सांगतो."

तीन मिनिटांत रस्ता दुरुस्त होणार होता. हेच तर तिनं बांधलं होतं. चुकलं की एक बटण, मागची पेटी पुन्हा जागेवर. पण आठ पस्तीसपासून अकरापर्यंत छापलेली लेबलं मागं येणार नव्हती. ती कागदाची होती. कोणाच्या तरी हातात होती.

ईशानं पहिल्या रिंगलाच फोन उचलला. आज सकाळपासून निगेटिव्ह रक्तगटाची तीनच लेबलं निघाली होती. दोन तिनं स्वतः पाहिली होती आणि त्यांवर पेननं वजा लिहिला होता. तिसरं साडेनऊच्या आधीचं होतं, तेव्हा तेजस ड्यूटीवर होता. "रुकिए दीदी, कॉपी देखती हूँ," ती म्हणाली, आणि कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो थांबला. "दीदी." तिचा आवाज एकदम लहान झाला. "तेजस भैया ने प्लस लिख दिया है."

देविकानं डोळे मिटले. तिला ते दिसलं, जणू ती तिथं उभी होती. तेजस, रात्रभर जागलेला, सुटायला अर्धा तास उरलेला, समोर चार नातेवाईक ताटकळलेले. लेबलवर चिन्ह उमटलेलं नाही. प्रिंटर कधी कधी पुसट छापतो. शंभरांत नव्वदांहून जास्त माणसं पॉझिटिव्हच असतात. खिशातलं पेन, आडवी रेघ, उभी रेघ. बस. शेजारच्या खोलीतल्या माणसानं ते लेबल वाचून ओ पॉझिटिव्हची पिशवी काढली आणि तेच लेबल तिच्यावर चिकटवलं. गर्दी असली की दिलेल्या पिशवीची कॉम्प्युटरमधली नोंद मागाहून होई. पेशंटचं नि पिशवीतलं रक्त जुळवून बघतात तो क्रॉसमॅचही झाला असणार, आणि त्यात काही दिसलं नसणार. ज्या शरीरानं पॉझिटिव्ह रक्त पूर्वी कधी पाहिलेलंच नाही, त्याचा विरोध त्या तपासणीत उमटत नाही. हे देविकाला ठाऊक होतं, कारण तो प्रोग्राम लिहिताना ती दोन महिने रक्तपेढीत स्टुलावर बसून शिकली होती.

"पिशवी कुठंय?" तिनं मराठीतच विचारलं आणि मग स्वतःला सावरलं, "बैग कहाँ है, ईशा?"

"चली गई. पौने ग्यारह बजे. मानिक चौक के पीछे वाले नर्सिंग होम. प्रियदर्शिनी, चौबीस साल, प्रेग्नेंट है, ब्लीडिंग हो रही है. दीदी, मैं उधर फोन लगा रही हूँ, कोई उठा नहीं रहा."

"लावत राहा. लगाती रहो. मैं जा रही हूँ. ओ निगेटिव है तुम्हारे पास?"

"एक ही है."

"वो लेकर निकलो."

स्कूटर तिनं कशी चालवली ते तिला पुढं कधी नीट आठवलं नाही. आठवत राहिले ते तुकडे: हातमोजे घालायचे राहिल्यामुळं बधिर झालेली बोटं, एका शाळेच्या रिक्षातून जीभ काढून दाखवणारी मुलगी, आणि डोक्यात ईशाचं वाक्य, चौबीस साल, चौबीस साल. निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह रक्त दिलं तर ती तिथल्या तिथं मरत नाही बहुधा. पण तिचं शरीर एक वैर शिकतं. ते वैर रक्तात राहतं आणि पुढच्या प्रत्येक पोटातल्या पोरावर उठतं. चोविसाव्या वर्षी. कोण कोणाला दोष देणार? दोन वर्षांनी, तीन वर्षांनी एखादं मूल जाईल आणि घरचे म्हणतील नशीब, आणि कोणाला हे लेबल आठवणार नाही. आणि याच विचाराच्या पाठोपाठ, अगदी त्याच आवाजात, दुसरा विचार आला: नोंद लक्ष्मणच्या नावावर आहे. तिनं तो बोलावला नव्हता. तो आपसूक आला, घरच्या माणसासारखा, चपला काढून आत. तिला स्वतःची इतकी किळस आली की ब्रेक लागला. एका सायकलवाल्यानं शिवी दिली. तिला ती बरी वाटली.

मानिक चौकात संक्रांतीची गर्दी होती. तिळाचे, गुळाचे, लाह्यांचे ढीग रस्त्यावर आलेले, आणि गल्लीच्या तोंडाशी कापडाचे गठ्ठे उतरवणारा हातठेला आडवा. "भैया, निकलने दो, अस्पताल जाना है." "दो मिनट, बहनजी." तिनं स्कूटर तिथंच एका दुकानाच्या पायरीला टेकवली, किल्ली काढली की नाही तेही न बघता, आणि ती धावत सुटली. तिला शेवटचं धावून पंधरा वर्षं झाली असतील. छातीत थंड हवा सुरीसारखी शिरत होती. नर्सिंग होमच्या काउंटरवर कोणी नव्हतं. काउंटरवरचा फोन वाजत होता. थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला. ती ईशा होती, हे देविकाला कळलं. एक क्षण ती त्या वाजणाऱ्या फोनकडं बघत राहिली. मग जिना चढली.

वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या बंद दारासमोर एक बाक होता आणि त्यावर एकटीच एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, वरून फौजी करड्या रंगाची शाल, आणि दोन्ही हात शालीच्या आत पोटाशी धरलेले.

"प्रियदर्शिनी के साथ कौन है?" देविकानं धापा टाकत विचारलं.

म्हातारीला बाकीचं समजलं नसावं, नाव समजलं. "माजी सून हाय ती," ती म्हणाली. "हौसाबाई माजं नाव. लेक बबिन्याला हाय मिल्ट्रीत. आशय. गोळीबाराच्या रेंजवर गेलाय, फोन लागंना झालाय."

मराठी. या गल्लीत, या जिन्याच्या टोकाला. देविका तिच्याजवळ सरकली. "मावशी, रक्त दिलं का सुनेला?"

"अजून न्हाई. सिस्टर म्हनली लई गार हाय, जरा ऊब द्या. म्हनून धरलीया." तिनं शाल किंचित बाजूला केली. लाल पिशवी तिच्या पोटाशी होती, जसं तान्हं पोर धरावं तशी. लेबलवर निळ्या पेनचं अधिक चिन्ह.

"मावशी, ती मला द्या. ती चुकीची आहे."

हौसाबाईचे हात शालीत परत गेले. "कोन गं तू?"

त्याच वेळी दार उघडलं आणि एक नर्स बाहेर आली. "माताजी, लाओ, खून लाओ जल्दी!" देविका मध्ये उभी राहिली आणि भराभर सांगू लागली: लेबल, प्रिंटर, वजाचं चिन्ह. नर्सच्या चेहऱ्यावर काही उमटेना. "क्रॉसमैच होके आया है मैडम, पर्ची लगी है. आप कौन हैं? हटिए." तिनं हौसाबाईपुढं हात केला. म्हातारी दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. तिला पूर्ण कळत होती ती एकीचीच भाषा, पण विश्वास ठेवायचा होता पांढऱ्या कपड्यांवर. देविकाला दिसलं की हात शालीतून बाहेर यायला लागलेत.

ती खाली बसली. हौसाबाईच्या गुडघ्यापाशी, फरशीवर. "मावशी, मी रक्तपेढीतलं मशीन सांभाळते. ते मशीन चिठ्ठ्या छापतं. आज चिठ्ठी चुकीची छापली. ही चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही, माझी. हे रक्त तुमच्या सुनेचं नाही. दिलं तर पुढं तिची मुलं जगणार नाहीत. बरोबर पिशवी निघालीय, येतेच आहे."

हौसाबाईनं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं देविकाला वाटलं. दोन-तीन सेकंद असतील. मग तिनं पिशवी कोणालाच दिली नाही. नर्सकडं वळून ती म्हणाली, "रुको. पैले डॉक्टर को बुलाव."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हातमोजे रक्तानं भरलेले. त्यांनी ऐकून घेतलं, देविकाच्या फोनवरचा फोटो पाहिला, पिशवीवरचं लेबल पाहिलं. "पेशंट का कोई पुराना कार्ड है? ग्रुप लिखा हुआ?" नर्स म्हणाली, नाही, बाजारातून थेट आणलंय, सोबत काही नाही. देविकानं हौसाबाईला विचारलं. "हाय की," असं म्हणून म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली आणि प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेलं एक पिवळं कार्ड काढलं. दवाखान्यातलं, पाचव्या महिन्यातलं. ओ निगेटिव्ह.

"पहले क्यों नहीं दिया, माताजी?"

देविकानं ते मराठीत विचारलं. हौसाबाई म्हणाली, "कुनी इचारलंच न्हाई मला. म्या बोलाया लागले की पुढं जायाचे."

डॉक्टरीणबाईंनी कार्ड परत दिलं. "पंद्रह मिनट," त्या देविकाला म्हणाल्या. "उससे ज़्यादा नहीं रुक सकती. तब तक निगेटिव नहीं आया तो यही चढ़ाऊँगी. माँ को बचाना है पहले." आणि दार बंद झालं.

ती पंधरा मिनिटं देविकानं बाकावर काढली. ईशाचा फोन लागत नव्हता; ती गल्लीत असेल, ऑटोत असेल, पडली असेल. देविका हातातल्या घड्याळाकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होती. त्यातली महिन्यांची नावं वाचून संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिनं आयुष्यात इतक्या वेळा स्क्रीनवर 'तीन सेकंद', 'सात सेकंद' असे आकडे वाचले होते, कमी करण्यासाठी झटली होती. एका मिनिटाला इतकी जागा असते हे तिला माहीत नव्हतं. हौसाबाई मध्येच म्हणाली, "सातवा म्हयना लागलाय. तिला हिरव्या बांगड्या घ्यायला सकाळच्या पारीच आल्तो आमी." थोड्या वेळानं, कोणाला तरी कैफियत द्यावी तसं, ती म्हणाली, "दुकानात हुबी व्हती, आनि खाली बसली." म्हातारीच्या मांडीवर ती चुकीची पिशवी अजून होती, आणि दोघींपैकी एकीलाही ती खाली कुठं ठेवावी ते सुचत नव्हतं.

बाराव्या का तेराव्या मिनिटाला जिन्यावर पावलं वाजली. ईशा. केस सुटलेले, थर्मोकोलचा डबा छातीशी. नर्सनं ती नवी पिशवी घेतली, लेबल वाचलं, डॉक्टरांनी वाचलं, पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. ईशा बाकावर बसून रडायला लागली. देविकाला रडू आलं नाही. तिनं हौसाबाईच्या मांडीवरची चुकीची पिशवी उचलून ईशाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. दीड वाजता मुलगी झाली. दीड किलोची. प्रियदर्शिनी वाचली. मुलीला लष्करी दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्समधून काचेच्या पेटीत नेलं, तेव्हा हौसाबाई तिच्यामागून गेली, मागं न बघता.

ऑफिसात देविका पोचली तेव्हा तीन वाजले होते. बाकीच्या सोळा ठिकाणची लेबलं लक्ष्मणच्या फोनमुळं वेळेत सापडली होती. रोहितजींच्या केबिनमध्ये लक्ष्मण उभे होते, पाठ सरळ, हात मागं. ट्रस्टच्या सचिवांचा दोनदा फोन येऊन गेला होता. उद्या सकाळपर्यंत त्यांना लेखी कारण हवं होतं. रोहितजींनी लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. "टेस्ट तेईस दिन से बंद है. लक्ष्मणजी, ये आपने किया?"

"जी सर."

"किसी से पूछा?"

"गलती हो गई, सर."

देविका दारात उभी होती. सांगायला एक वाक्य पुरणार होतं. सकाळी एका अनोळखी म्हातारीच्या गुडघ्यापाशी तिनं ते सहज उच्चारलं होतं. इथं ते आलं नाही. रोहितजी म्हणाले, "फौजी आदमी, और बिना ऑर्डर के?" लक्ष्मण समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मग रोहितजींचा फोन वाजला, ते खिडकीशी गेले, आणि ती दोघं बाहेर आली.

बाहेर, पाण्याच्या मशीनपाशी, देविका म्हणाली, "तुम्ही का नाही सांगितलं त्यांना?"

"काय सांगायचं, मॅडम? हात माझाच होता. राहू द्या. मला पेन्शन आहे. तुमचं इथं सगळं उभं आहे." ते ग्लासात पाणी भरत होते. ग्लास भरला तरी बटण सोडायचं त्यांना सुचलं नाही, पाणी हातावर सांडलं. "फक्त एक सांगतो. त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, बंद करू, मॅडम? ते विचारणं नव्हतं. फौजेत सिनियरला नाही म्हणता येत नाही, तेव्हा आम्ही असं म्हणतो. ते नाही होतं. तुम्हाला ऐकू गेलं नाही, बँड होता. पण मला तर ठाऊक होतं ना, की ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला हवं होतं."

बँड होता. तिला बँड आठवला, आणि त्यांच्या प्रश्नाआधीची ती शांतता आठवली. आवाज नीट ऐकू आला होता. थांबणंही ऐकू आलं होतं. ते कसलं थांबणं आहे हे कळण्याइतकी वर्षं ती लक्ष्मणना ओळखत होती. तिनं ते न कळल्यासारखं केलं होतं, कारण मंडपात सगळे तिची वाट बघत होते. ही गोष्ट इतकी लहान होती. तिनं केबिनचं दार ढकललं. रोहितजी फोनवरच होते. ते फोन ठेवेपर्यंत ती थांबली नाही.

"मैंने बंद करवाई थी," ती म्हणाली. "ग्वालियर से, फोन पे. उन्होंने रोका भी था. और अभी मैं यहाँ खड़ी थी और चुप रही."

रोहितजींनी फोनवर हात ठेवला. ते हळू आवाजात, समजुतीनं म्हणाले, "देविकाजी, ये बाहर जाने की ज़रूरत नहीं है. लिख देंगे, तकनीकी ख़राबी." ती म्हणाली, ख़राबी नव्हती. यंत्रानं बरोबर केलं, आपण त्याचा डोळा काढून घेतला होता. संध्याकाळी पाचपर्यंत तिनं अहवाल लिहिला. 'टेस्ट बंद करण्याचा निर्णय' या ओळीपुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि पुढच्या तेवीस दिवसांत ती चालू न करणाऱ्या व्यक्तीचं नावही तेच लिहिलं. हा अहवाल फक्त ट्रस्टला नव्हे, सतराही रक्तपेढ्यांना गेला.

त्याचं जे व्हायचं ते झालं. ट्रस्टनं महिनाभर लेबलं हातानं लिहायचं ठरवलं. ललितपूरकडच्या एका रक्तपेढीनं काम काढून घेतलं. रोहितजी देविकाशी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी टेस्ट वगळून पेटी पुढं पाठवण्याची परवानगी तिच्याकडून काढून लक्ष्मणना दिली. तिनं ती देताना कुरकुर केली नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही, हे खरं. चार वर्षांत रस्ता तिचा झाला होता, आणि आता तिला त्यावर दुसऱ्याला विचारून चालायचं होतं. लक्ष्मणही कामापुरतंच बोलत. तेजसला रक्तपेढीनं समज दिली, तो एकदा फोन करून म्हणाला, "दीदी, मैंने सोचा ही नहीं. हाथ ने लिख दिया." ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि मग हिंदीत सांगायला हवं होतं हे तिच्या लक्षात आलं, पण तेजसनं पुन्हा विचारलं नाही.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी रोहितजी तिच्या टेबलापाशी आले. एका मोठ्या रक्तपेढीची माणसं चार वाजता यायची होती आणि नवी स्क्रीन तोवर सगळीकडं जायला हवी होती. देविकानं पाहिलं: बदल तयार होता, टेस्ट सगळ्या पास होत्या, फक्त एक नापास. लहानशी, तारखेच्या रचनेची. तिला अगदी खात्री होती की ती टेस्टच जुनी आहे, बदल बरोबर आहे. ती उठून लक्ष्मणच्या खुर्चीपाशी गेली.

"लक्ष्मणजी, ही एक सोडून पाठवूया? टेस्ट जुनी आहे. सोमवारी नीट करू. मी बघितलंय."

त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. दोन बोटं कीबोर्डवर होती. आजूबाजूला सगळ्यांचं टाईपिंग चालू होतं, आणि ते सगळे ऐकत होते हे तिला कळत होतं.

"नाही, मॅडम," लक्ष्मण म्हणाले. "आज नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग होता तो, साधा, सरळ राग. यांना मी शिकवलं, वही घेऊन शेजारी बसवून, आणि हे चार लोकांत मला. तो राग तिनं पाहिला. तो जायची वाट बघत ती उभी राहिली, पण तो पूर्ण गेला नाही. लक्ष्मणच्या मानेची शीर ताठ झाली होती, कानामागून घामाचा एक थेंब उतरत होता, जानेवारीत. बावीस वर्षं फौजेत आणि वर दोन इथं, न म्हटलेला एक शब्द त्यांनी आत्ता म्हटला होता आणि ते त्याची शिक्षा यायची वाट बघत होते.

"ठीक आहे," ती म्हणाली.

केबिनपर्यंत वीस पावलं होती. रोहितजींनी मान वर केली. "गया?"

"आज नहीं जाएगा."

"किसने कहा?"

"लक्ष्मणजी ने," देविका म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही, "और मैंने."